निकाल लागला, पण कोणापुरता आणि कधीपासून?

गेल्या तीन-चार महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अमेरिकेतल्या संघीय अपील न्यायालयांच्या निकालांविषयी आहेत, आणि ती केवळ अमेरिकेत राहणाऱ्यांची नाहीत. माल पाठवणारे, मुलांना शिकायला पाठवणारे आणि नातवंडांना भेटायला जाणारे, सगळ्यांचाच त्या न्यायालयांशी संबंध येऊ लागला आहे. बहुतेकांचा प्रश्न 'कोण जिंकले?' असा असतो. माझ्या अनुभवाने त्याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात: निकाल कोणाला लागू आहे, आणि तो आज अमलात आहे का? ही उत्तरे मी डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात लिहीत आहे. यांतील काही वाद सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहेत, तेव्हा वाचताना ही तारीख ध्यानात ठेवावी.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरला ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. अमेरिकेच्या बातम्यांत 'नववे सर्किट', 'पाचवे सर्किट' असे येते. ती तिकडची उच्च न्यायालये समजायची का?
— एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : शब्द एकच आहे आणि त्यामागची कल्पनाही एकच आहे: न्यायाधीशांनी ठरलेल्या फेरीवर निघून पक्षकारांच्या गावाजवळ जाणे. १७८९ च्या कायद्याने अमेरिकेचे तीन फेरे, म्हणजे तीन सर्किटे, पाडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच घोडागाडीतून त्या फेऱ्या कराव्या लागत. खराब रस्ते आणि खाणावळींतले मुक्काम यांविषयी त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू होत्या. १८९१ मध्ये स्वतंत्र अपील न्यायालये स्थापन झाली. पुढे फेऱ्या थांबल्या, नाव तेवढे राहिले. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचावी म्हणून बेंच आले, हे आपण जाणताच.

त्यांना उच्च न्यायालय म्हणायला हरकत नाही, पण ते अर्ध्याच अर्थाने. आपल्या उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट रिट याचिका दाखल करता येते. अमेरिकेतल्या अपील न्यायालयात सहसा तसे होत नाही. तिथे साक्षीदार येत नाहीत, पुरावा नोंदवला जात नाही. खालच्या जिल्हा न्यायालयाचे दप्तर समोर ठेवून तीन न्यायाधीश दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतात, आणि तेही बहुधा प्रत्येकी दहा-वीस मिनिटेच. शिवाय ही संघीय न्यायालये आहेत. प्रत्येक राज्याची न्यायव्यवस्था त्यांच्याहून वेगळी आहे.

देशात ९४ संघीय जिल्हे आणि १३ अपील न्यायालये आहेत. त्यांपैकी ११ क्रमांकाने ओळखली जातात, एक राजधानी वॉशिंग्टनचे आहे आणि तेरावे, ज्याला फेडरल सर्किट म्हणतात, ते प्रदेशाऐवजी पेटंट, आयात शुल्क अशा विषयांवर नेमलेले आहे. नववे सर्किट सर्वांत मोठे आहे: अलास्का, हवाई, कॅलिफोर्निया यांसह नऊ राज्ये आणि २९ न्यायाधीशांची पदे. बोस्टनच्या पहिल्या सर्किटात अवघी सहा पदे आहेत. तिघांच्या खंडपीठाचा निकाल पटला नाही तर त्या सर्किटातले सर्व न्यायाधीश एकत्र बसून फेरसुनावणी घेऊ शकतात. त्याला मी पुढे 'पूर्णपीठ' म्हणेन. नवव्या सर्किटात एवढ्या सगळ्यांना एका बाकावर बसवणे अवघड असल्याने मुख्य न्यायाधीश आणि चिठ्ठीने निवडलेले दहा जण बसतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाकडे दरवर्षी हजारोंनी अर्ज जातात आणि ते त्यांपैकी साठ-सत्तर प्रकरणेच सविस्तर ऐकते. म्हणजे बहुतेक पक्षकारांसाठी अपील न्यायालय हाच शेवटचा उंबरठा ठरतो. दुसरे असे की, एका सर्किटाचा निकाल दुसऱ्या सर्किटाला बंधनकारक नसतो. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बंगळूरच्या न्यायालयाला आधार म्हणून दाखवता येतो, तो मानण्याची सक्ती मात्र करता येत नाही. तसेच हे आहे. म्हणूनच एकच राज्यघटना असूनही अटलांटात एक नियम आणि सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा, असे होते.

प्रश्न : आम्ही दोघेही एच-१बी व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत. फेब्रुवारीत आम्हाला बाळ होणार आहे. ते अमेरिकेचे नागरिक असेल का? दर महिन्याला वेगळी बातमी येते आणि घरचे पुण्याहून फोन करकरून विचारतात.
— एक दांपत्य, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आज आपल्या बाळाचा जन्म झाला असता तर ते नागरिक ठरले असते. जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश देशात कुठेही अमलात आलेला नाही. मात्र बातम्यांचा गुंता समजून घेतला तर घरच्यांना नीट उत्तर देता येईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

२० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी, निघालेल्या या आदेशात दोन प्रकारच्या मुलांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारले आहे. पहिल्या प्रकारात आई बेकायदा राहणारी आहे. दुसऱ्या प्रकारात आई कायदेशीरपणे, पण तात्पुरत्या परवान्यावर राहणारी आहे. दोन्ही प्रकारांत वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसावेत, अशी अट आहे. तात्पुरत्या परवान्यात एच-१बी येतो, आणि म्हणूनच सीमेवरच्या घुसखोरीच्या नावाने निघालेला हा आदेश एडिसनच्या घरात येऊन पोहोचला. ग्रीन कार्डात प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीय कुटुंबांचा 'तात्पुरता' मुक्काम दहा-पंधरा वर्षेही चालतो, हे आदेश लिहिणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते, किंवा असूनही चालले.

चौदाव्या घटनादुरुस्तीचे शब्द असे की, अमेरिकेत जन्मलेली आणि 'तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेली' प्रत्येक व्यक्ती नागरिक होय. सगळा वाद अवतरणातल्या शब्दांवर आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्येच त्यांना नागरिक ठरवले होते; परकीय वकिलातीतल्यांची मुले आणि आक्रमक सैन्यातल्यांची मुले असे मोजकेच अपवाद ठेवले होते. सरकार म्हणते की वाँग यांचे आईबाप तिथे कायमचे घर करून राहिले होते, आणि तो निकाल तेवढ्यापुरताच घ्यावा. नवव्या सर्किटाने २३ जुलैला आणि पहिल्या सर्किटाने ३ ऑक्टोबरला हा युक्तिवाद फेटाळला. मी दोन्ही निकालपत्रे वाचली आहेत. मुख्य न्यायाधीश डेव्हिड बॅरन यांनी लिहिलेले पहिल्या सर्किटाचे निकालपत्र लांबलचक आहे, पण त्याचा गाभा साधा आहे: जो माणूस इथल्या कायद्याला उत्तरदायी आहे, तो इथल्या अधिकारक्षेत्रात आहे. एच-१बीवाला कर भरतो, सिग्नल तोडला तर दंड भरतो. तो अधिकारक्षेत्राबाहेर कसा?

आता भूगोल. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटात येते. मग बोस्टनच्या निकालाचा आपल्याला काय उपयोग? उपयोग आहे, कारण न्यू जर्सीसह १८ राज्यांनी आपला दावा मॅसॅच्युसेट्समध्ये लावला होता आणि त्यामुळे अपील पहिल्या सर्किटात गेले. आपले राज्य त्या दाव्यात वादी आहे.

मध्येच २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की, जिल्हा न्यायाधीशांनी साऱ्या देशाला लागू होणारे मनाई हुकूम देऊ नयेत. वादीला पूर्ण दाद मिळेल एवढाच हुकूम असावा. त्या दिवशी आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी 'नागरिकत्व गेले' अशी बातमी चालवली, ती सरळ चूक होती. न्यायालयाने आदेश घटनात्मक आहे की नाही याला हातच लावला नव्हता. त्यावर दोन वाटा निघाल्या. न्यू हॅम्पशायरमध्ये १० जुलैला न्यायाधीशांनी अशा सगळ्या बालकांचा एक वर्ग मानून प्रातिनिधिक दाव्यात मनाई दिली. राज्यांच्या दाव्यांत अपील न्यायालये म्हणाली की, माणसे राज्याराज्यांत ये-जा करतात, ओहायोत जन्मलेले मूल उद्या सिअ‍ॅटलच्या शाळेत येते, म्हणून देशभरची मनाई हीच इथे पूर्ण दाद होय. (आपल्याकडे हा पेच तितका पडत नाही. केंद्राचा कायदा घटनाबाह्य ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल, त्या कायद्याची अंमलबजावणी ध्यानात घेऊन, देशभर परिणाम करू शकतो, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कुसुम इन्गॉट्स प्रकरणात म्हटले आहे.)

५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नच सुनावणीसाठी घेतला आहे. न्यायालयाचे वर्ष जूनअखेर संपते, तोपर्यंत निकाल अपेक्षित आहे. फेब्रुवारीत बाळाचा जन्मदाखला हाती येताच पासपोर्टचा अर्ज करावा, लांबणीवर टाकू नये, एवढे मी नक्की सांगेन. बाकी आपल्या तिथल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, निम्म्याहून अधिक माल अमेरिकेला जातो. ऑगस्टअखेर तिथल्या न्यायालयाने ट्रम्प यांचे शुल्क बेकायदा ठरवले म्हणून आम्ही पेढे वाटले. पण गिऱ्हाईक अजूनही ५० टक्क्यांचाच हिशेब धरून भाव पाडून मागतो आहे. असे कसे?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : आपला गिऱ्हाईक खोटे बोलत नाही. ते निकालपत्र आपल्या बाजूचे आहे, पण अजून अमलात आलेले नाही.

२९ ऑगस्टला फेडरल सर्किटाच्या पूर्णपीठाने सात विरुद्ध चार असा निकाल दिला. १९७७ च्या ज्या आणीबाणी-कायद्यावर हे शुल्क उभारले, त्यात राष्ट्राध्यक्षांना आयातीचे 'नियमन' करण्याची मुभा आहे. परंतु शुल्क, जकात, कर यांपैकी एकही शब्द त्यात नाही. बहुमताचे म्हणणे असे की, कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला आहे, आणि काँग्रेसला तो सोपवायचा असतो तेव्हा ती तसे स्पष्ट लिहिते. मला हा तर्क पटतो. मात्र विरोधी निकालपत्रही ताकदीचे आहे, आणि एखादा विषय पुढे कसा जाईल हे पाहायचे तर मी नेहमी आधी विरोधी निकालपत्र वाचतो.

त्याच निकालात न्यायालयाने आपला हुकूम १४ ऑक्टोबरपर्यंत रोखून धरला, म्हणजे सरकारला वर जाता यावे. सरकार गेले, सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबरला युक्तिवाद ऐकले, आणि निकाल राखून ठेवला आहे. तोवर सीमाशुल्क पूर्वीसारखेच भरावे लागते.

आपल्या बाबतीत आणखी एक मेख आहे. भारतावरचे ५० टक्के हे दोन आदेशांचे मिळून झालेले आहेत. पहिले २५ टक्के एप्रिलपासूनच्या 'परस्पर शुल्का'च्या मालिकेतले आहेत. दुसरे २५ टक्के रशियन तेलाच्या कारणाने ६ ऑगस्टच्या वेगळ्या आदेशाने आले आणि २७ ऑगस्टपासून लागू झाले. फेडरल सर्किटासमोर पाच आदेश होते, आणि रशियन तेलाचा आदेश त्यांत नव्हता. कायदा तोच असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वादींच्या बाजूने लागला तर तोही टिकणे कठीण आहे, पण तो आपोआप रद्द होणार नाही.

आणि परतावा? तो मिळालाच तर अमेरिकेतल्या कागदपत्रांवर आयातदार म्हणून ज्याचे नाव आहे त्याला मिळतो. आपण डीडीपी अटींवर, म्हणजे शुल्कासह सगळा खर्च विक्रेत्याने सोसून, माल पाठवत असाल आणि आयातदार म्हणून आपल्याच कंपनीचे नाव असेल तर गोष्ट वेगळी. एफओबीवर, म्हणजे माल जहाजात चढवण्यापर्यंतचीच जबाबदारी घेऊन, पाठवत असाल तर शुल्क गिऱ्हाइकाने भरले आहे आणि परतावाही त्याचाच. पण त्याच शुल्कापोटी आपण त्याला भावात सूट दिली आहे! पुढच्या ऑर्डरच्या करारात 'शुल्क परत मिळाल्यास सूट दिलेल्या प्रमाणात वाटून घ्यावे' असे एक कलम आताच घालून घ्या. दुसरे, तिथे माल उतरल्यावर साधारणतः ३१४ दिवसांनी शुल्काचा हिशेब पक्का होतो, आणि त्यानंतर हरकत घ्यायला १८० दिवस मिळतात. आपल्या मालाच्या तारखा गिऱ्हाइकाच्या कस्टम्स ब्रोकरकडून मागवून एका वहीत लिहून ठेवाव्यात. पेढ्यांना अजून वेळ आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पुढच्या महिन्यात मुलाकडे सॅन होजेला जाणार आहोत. विमानतळावर मोबाइल तपासतात म्हणे. न्यायालयाने त्यास बंदी केली असे वाचले.
— एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे

उत्तर : आपण वाचले ते बहुधा ब्रुकलिनच्या जिल्हा न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये दिलेल्या निकालाविषयी असावे. जेएफके विमानतळावर फोन तपासायला न्यायालयाचे वॉरंट हवे, असे त्यात म्हटले आहे. पण जिल्हा न्यायाधीशाचा निकाल शेजारच्या न्यायाधीशालाही बंधनकारक नसतो, आणि आपण तर सॅन फ्रान्सिस्कोला उतरणार. ते नवव्या सर्किटात येते. तिथे २०१९ पासूनचा नियम असा की, अधिकारी हाताने फोन चाळून पाहू शकतो, त्यासाठी संशय असण्याचीही गरज नाही. मात्र फोन यंत्राला जोडून त्याचा आतून शोध घ्यायचा तर त्यात मुळातच बेकायदा असलेला मजकूर असल्याचा वाजवी संशय हवा. अटलांटा ज्यात येते त्या अकराव्या सर्किटाने २०१८ मध्ये तोही संशय लागत नाही, असे ठरवले आहे.

परंतु हे सर्व निकाल फौजदारी खटल्यांतले आहेत. फोनमध्ये सापडलेला पुरावा खटल्यात वापरता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. आपण व्हिजिटर व्हिसावर जात आहात. फोन उघडून द्यायला नकार दिला तर आपल्यावर खटला होणार नाही, पण प्रवेश नाकारला जाऊ शकतो, आणि तिथे यांतला कोणताही निकाल कामी येत नाही. अमेरिकी नागरिकाला असा प्रवेश नाकारता येत नाही. त्याचा फोन फार तर ठेवून घेतात.

प्रमाण पाहिले तर घाबरण्याचे कारण नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात ४२ कोटींहून अधिक प्रवासी आले आणि सुमारे ४७ हजार उपकरणे तपासली गेली. अधिकाऱ्यांना त्यांच्याच २०१८ च्या नियमावलीप्रमाणे फोनमध्ये जे साठवलेले आहे तेवढेच पाहता येते, इंटरनेटवर ठेवलेले पाहता येत नाही. त्यासाठी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा असतो. आपल्या फोनमध्ये सुप्रभातीच्या चित्रांपलीकडे फारसे काही सापडणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

प्रश्न : मुलगी बोस्टनला एम. एस. करते. विद्यापीठाच्या दैनिकात लेख लिहिला म्हणून एका विद्यार्थिनीला पकडल्याचे ऐकल्यापासून आम्ही तिला 'काही लिहू नकोस' असे सांगितले आहे. बरोबर केले का?
— आईवडील, नाशिक

उत्तर : ती टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की संशोधक विद्यार्थिनी. मार्च २०२४ मध्ये तिने इतर तिघांबरोबर एक लेख लिहिला. वर्षाने, २५ मार्च २०२५ रोजी, तिला रस्त्यातच ताब्यात घेण्यात आले आणि व्हर्माँटमार्गे थेट लुइझियानाला नेण्यात आले. दुसऱ्या सर्किटाने ७ मे रोजी तिला व्हर्माँटला परत आणण्याचा हुकूम दिला आणि ९ मे रोजी तिथल्या जिल्हा न्यायाधीशांनी तिला सोडले.

गंमत अशी, की अपील न्यायालयातला सगळा काथ्याकूट भाषणस्वातंत्र्यावर नव्हता. हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्धची, याचिका ऐकायची कोणत्या न्यायालयाने, यावर होता. वकिलांनी याचिका मॅसॅच्युसेट्समध्ये लावली, कारण मुलगी कुठे आहे हे त्यांना कोणी सांगतच नव्हते, आणि त्या क्षणी ती व्हर्माँटमध्ये होती. चुकीच्या ठिकाणी लावली म्हणून ती फेटाळा, असे सरकार म्हणाले. न्यायालयाने ते ऐकले नाही. लुइझियाना सरकारला सहसा अनुकूल मानल्या जाणाऱ्या पाचव्या सर्किटात येते, हे सांगितले म्हणजे तिला तिकडे नेण्याचा अर्थ आपल्या ध्यानात येईल. असेच पकडलेल्या, जॉर्जटाउन विद्यापीठातल्या भारतीय संशोधकाच्या प्रकरणात चौथ्या सर्किटानेही १ जुलैला सरकारला स्थगिती नाकारली.

देशात राहणाऱ्या परकीयालाही भाषणस्वातंत्र्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये सांगितले आहे. पण त्या मुलीला सहा आठवडे कोठडीत काढावे लागले, तेही खरे. आपला सल्ला चूक होता असे मी म्हणणार नाही. मी मात्र मुलीला गप्प राहा म्हणण्याऐवजी एका वकिलाचा फोन नंबर पाठ करायला सांगितला असता. पकडल्यावर मोबाइल हातात राहत नाही.

प्रश्न : शहरांत सैनिक पाठवण्याच्या वादात एकाच कलमावर दोन अपील न्यायालये उलटसुलट कशी गेली? न्यायाधीश कोणी नेमला यावरच निकाल ठरतो का?
— विधी महाविद्यालयातील एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : राष्ट्राध्यक्षांना राज्यांचे नॅशनल गार्ड, म्हणजे राखीव सैनिक, बोलावू देणाऱ्या या कलमात तीन प्रसंग दिले आहेत: परचक्र, बंड, आणि नियमित बळाने कायदे अमलात आणणे अशक्य होणे. लॉस एंजेलिसमध्ये जूनमध्ये सुमारे चार हजार नॅशनल गार्ड पाठवले, तेव्हा नवव्या सर्किटाने १९ जूनला सांगितले की न्यायालय हा निर्णय तपासू शकते, मात्र राष्ट्राध्यक्षांच्या पारखीला मोठा मान द्यावा लागेल. आणि तसा मान देऊन तैनाती चालू राहू दिली. शिकागोच्या बाबतीत सातव्या सर्किटाने १६ ऑक्टोबरला तोच मान देऊनही दप्तर चाळले आणि म्हटले की राजकीय विरोध म्हणजे बंड नव्हे. निदर्शने झाली, पण सरकारचे काम थांबलेले नाही. दोन्हीकडे कायद्याचे वाचन फारसे वेगळे नाही. फरक पडला तो वस्तुस्थितीच्या कागदांत. ते प्रकरणही आता सर्वोच्च न्यायालयापुढे आहे.

नेमणुकीविषयी: शिकागोच्या खंडपीठातले तिघे थोरले बुश, ओबामा आणि ट्रम्प यांनी नेमलेले होते, आणि निकाल एकमुखी होता. आयात शुल्काच्या प्रकरणात विरोधी मत देणाऱ्या चौघांपैकी दोघे ओबामांनी नेमलेले. उलट ओरेगनच्या प्रकरणात २० ऑक्टोबरला ट्रम्प यांनी नेमलेले दोघे एका बाजूला आणि क्लिंटन यांनी नेमलेल्या न्यायाधीश दुसऱ्या बाजूला, अशी सरळ फाळणी झाली. आठ दिवसांत पूर्णपीठाने तो निकाल बाजूला ठेवला. तेव्हा नेमणूक पाहावी जरूर, पण ती पाहून निकालपत्र वाचणे सोडू नये.

आणखी एक उदाहरण टिपून ठेवा. १७९८ चा शत्रुदेश-परकीय कायदा आजवर तीनच युद्धांत वापरला गेला होता. व्हेनेझुएलाच्या एका टोळीविरुद्ध तो मार्चमध्ये लावला गेला. पाचवे सर्किट सरकारला सहसा अनुकूल मानले जाते. तिथल्याच खंडपीठाने २ सप्टेंबरला दोन विरुद्ध एक असे ठरवले की हे आक्रमण नव्हे. ३० सप्टेंबरला पूर्णपीठाने फेरसुनावणी घ्यायचे ठरवले आणि तो निकाल रद्दबातल झाला. चार आठवडे जगलेला निकाल! परीक्षेत तो चालू कायदा म्हणून लिहू नका.

प्रश्न : गुन्ह्याच्या जागी असलेल्या सगळ्यांचे फोन पोलिस गुगलकडून मागवतात, हे घटनाबाह्य ठरले ना? मग आरोपी सुटले का?
— एक संगणक अभियंता, हिंजवडी

उत्तर : नाही, सुटले नाहीत. पाचव्या सर्किटाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी अशी वॉरंटे सरसकट घटनाबाह्य ठरवली. मिसिसिपीत टपालगाडीच्या चालकाला लुटल्याचे ते प्रकरण होते. आधी साऱ्यांची झडती आणि मग संशयित कोण ते ठरवायचे, हीच तर चौथ्या घटनादुरुस्तीने बंद केलेली पद्धत, असे न्यायालय म्हणाले. पण त्या पोलिसांनी नव्या तंत्राबाबत सद्भावनेने वागून वॉरंट घेतले होते, म्हणून पुरावा ग्राह्य धरला आणि शिक्षा कायम ठेवली.

त्याच्या बरोबर महिनाभर आधी चौथ्या सर्किटाने उलट सांगितले होते. व्हर्जिनियातल्या एका पतसंस्थेवर २०१९ मध्ये १,९५,००० डॉलरचा दरोडा पडला; पोलिसांनी १५० मीटरचे वर्तुळ आखून त्यातल्या फोनची माहिती मागवली. आरोपीने ती माहिती गुगलला आपणहून दिली होती, आणि दोन तासांचा मागोवा ही झडतीच नव्हे, असे खंडपीठ म्हणाले. पूर्णपीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी शिक्षा कायम केली, तीही एका वाक्यात. त्यामागे स्वतंत्र मतांची शंभराहून अधिक पाने जोडलेली आहेत, कारण कारणांवर न्यायाधीशांचे एकमत होईना. आपल्या क्षेत्रातला असल्याने एक तपशील आपल्याला आवडेल: गुगलने डिसेंबर २०२३ मध्येच हा इतिहास आपल्या सर्व्हरऐवजी वापरकर्त्याच्या फोनमध्येच साठवण्याचे जाहीर केले होते.

प्रश्न : अमेरिकेत एका न्यायाधीशाने म्हणे निकालाऐवजी बंदुकीचा व्हिडिओ काढला. खरे का?
— एक वकील, पणजी

उत्तर : निकालाबरोबर काढला. कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनला बंदी आहे. नवव्या सर्किटाच्या पूर्णपीठाने २० मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध चार मतांनी ती वैध ठरवली. विरोधी मत देणारे न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांनी आपल्या दालनातच बंदुका हाताळून दाखवणारा व्हिडिओ काढला आणि आपल्या निकालपत्रात त्याचा दुवा दिला. सहज बदलता येणारा सुटा भाग कोणता आणि हत्यार कोणते, ही बहुमताने आखलेली सीमारेषा चुकीची आहे, हे त्यांना दाखवायचे होते. न्यायाधीश मार्शा बर्झन यांनी स्वतंत्र मत लिहून याला हरकत घेतली. दप्तरात नसलेला पुरावा न्यायाधीशाने स्वतः तयार केला आणि तो स्वतःच तज्ज्ञ साक्षीदार होऊन बसला, असा त्यांचा आक्षेप होता. आणि अशा साक्षीदाराची उलटतपासणी कोण घेणार, हे आपण वकील असल्याने आपल्याला वेगळे सांगायला नको.